रोजच्या जगण्यातली कृतज्ञता: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहल्ल्यातल्या वाचनालयात, महिला मंडळात, कधी शाळेच्या पालकसभेत या विषयावर बोलायला मला बोलावतात. बोलणं संपलं की चहा येतो आणि चहाबरोबर खरे प्रश्न येतात. थोड्याफार फरकाने तेच प्रश्न धरमपेठेतही येतात आणि महालातही. म्हणून ते एका जागी लिहून काढले. काही उत्तरं दोन ओळींत संपली आहेत, काही लांबली आहेत. जिथे लोक जास्त भांडतात तिथे मी जास्त लिहिलं आहे.

कृतज्ञता म्हणजे नेहमी खूश राहणं का? की सकारात्मक विचार?

दोन्ही नाही. खूश तर माणूस सकाळी सकाळी तर्री पोहे खाऊनही होतो. कृतज्ञतेला दोन गोष्टी लागतात. मला काहीतरी चांगलं मिळालं हे ध्यानात येणं ही पहिली. ते सगळं माझ्या एकट्याच्या कर्तबगारीचं नाही, कुणीतरी त्यासाठी काही केलं, हे मान्य करणं ही दुसरी. या विषयावर आयुष्यभर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स हीच दोन अंगं सांगतात. ‘मी माझ्या बळावर इथवर आलो’ म्हणणाऱ्याला पहिलं अंग सहज जमतं, दुसऱ्यापाशी त्याची गाडी अडते.

सकारात्मक विचार पुढचं बोलतो, ‘सगळं छान होईल’ म्हणतो. कृतज्ञता झालेल्या गोष्टीबद्दल बोलते आणि तिला पुरावा लागतो. कोणी केलं, केव्हा केलं, काय केलं? ते सांगता आलं नाही तर उरते ती नुसती गोड भाषा.

हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान आहे की याला काही आधार आहे?

आधार आहे, पण फॉरवर्डमध्ये सांगतात तेवढा नाही.

एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो यांचा २००३ मधला अभ्यास सगळ्यांत जास्त सांगितला जातो. त्यांनी कॉलेजच्या मुलांचे गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटलं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्याने डोक्याला ताप झालेल्या गोष्टी लिहायच्या. तिसऱ्याने जे काही घडलं त्यातलं काहीही. दहा आठवडे हे चाललं. पहिल्या गटातली मुलं आपल्या आयुष्याबद्दल इतरांपेक्षा जास्त समाधानी निघाली. त्याच अभ्यासाच्या आणखी एका भागात स्नायू आणि मज्जातंतूंचे आजार असलेली मोठी माणसं होती. त्यांनी २१ दिवस रोज लिहिलं. कृतज्ञतेच्या नोंदी करणाऱ्यांनी झोप जास्त आणि चांगली लागते असं सांगितलं. मला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. त्यांचं दुखणं कुठेही गेलेलं नव्हतं.

२००५ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहायला लावलं. सहा महिन्यांनीही त्याचा फरक टिकून होता. दुसऱ्या काहींना एखाद्याला आभाराचं पत्र लिहून ते स्वतः नेऊन द्यायला सांगितलं. त्याचा परिणाम पहिल्या धडाक्यात सगळ्यांत मोठा झाला, मात्र महिन्याच्या पुढे तो टिकला नाही.

आता दुसरी बाजू. २०२१ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी असे २७ अभ्यास एकत्र तपासले. उदासी आणि चिंता यांवर या उपायांचा फरक थोडासाच पडतो असं त्यांना आढळलं. तेव्हा ‘डिप्रेशनवर रामबाण’ म्हणून कुणी कृतज्ञतेचं शिबिर विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

वही लिहायची म्हणजे नेमकं काय लिहायचं?

बहुतेक वह्या पहिल्याच पानावर बिघडतात, कारण लोक सुविचार लिहितात. ‘चांगलं कुटुंब लाभलं याबद्दल मी कृतज्ञ आहे.’ वाक्य खोटं नाही, पण ते फळ्यावर शोभणारं आहे. उद्याही तेच लिहाल, परवाही तेच, आणि चौथ्या दिवशी वही गादीखाली.

आमच्या गटातल्या एका ताईंनी केलेली नोंद, त्यांना विचारून, इथे देते: ‘नळ पाचला आला आणि मला जाग आली नाही. वरच्या काकूंनी आमची मोटर सुरू केली, टाकी भरल्यावर बंदही केली. त्यांचे गुडघे दुखतात. माझ्यासाठी दोनदा जिना उतरल्या.’

यात कोण आहे, काय केलं आहे, आणि समोरच्याला त्याची काय किंमत पडली तेही आहे. दुखरे गुडघे आणि दोनदा जिना. हा तिसरा भाग लिहायला लागलात की नजर आपोआप बदलते. त्या ताई म्हणाल्या, ‘मोटर तर काकू कधीपासूनच लावून देऊन राहिल्या होत्या, गुडघे मला आत्ता दिसले.’

भाषा साधी ठेवा. वहीत नोंद करायची आहे, ललित लेखन नव्हे. पेन नसेल तर किराण्याच्या चिठ्ठीमागे लिहा. लिहिता येत नसेल तर झोपताना घरात कुणाला सांगा, चालतं.

रोज लिहायलाच पाहिजे का?

नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. मी रविवार सुचवते. जेवण झालं, दुपारची झोप झाली की चहाआधी दहा मिनिटं. ज्यांना रोजची सवय जमते त्यांनी रोज लिहावं. वहीची हजेरी घ्यायला कुणी येणार नाही.

पण तेच तेच येतं हो. घर, पाणी, तब्येत. काय करू?

सवय झाली की चांगली गोष्ट दिसेनाशी होते. यात तुमचा दोष नाही, माणसाचं मन तसंच चालतं. उपाय थोडा उलटा आहे: आहे त्याचे आभार मानण्याऐवजी ते नसतं तर काय, याचा विचार करा. मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे तपासलं. आपला जोडीदार आपल्याला कधी भेटलाच नसता तर, हे ज्यांनी लिहून काढलं, ते ‘कसे भेटलो’ लिहिणाऱ्यांपेक्षा आपल्या नात्याबद्दल जास्त समाधानी निघाले.

पाण्याचं करून पाहा. नागपूरचं बरंचसं पिण्याचं पाणी पेंचच्या धरणातून येतं, जंगलाच्या अंगानं, कालव्यातून आणि पाइपातून. वाटेत कुठेतरी रात्रपाळीला पंपावर बसलेला माणूस आहे. तो नाही असं धरून सकाळचे सहा वाजवा. पहिली बादली कुठून आणाल ते सविस्तर लिहा. पानभर लिहून होतं आणि ‘पाण्याबद्दल आभारी आहे’ हे वाक्य त्यात कुठेच येत नाही.

मे महिन्यात, दुपारी दोनला, लाईट गेलेली असताना कसली कृतज्ञता?

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो आणि विचारणारा घामाघूम असतो. उत्तर असं की त्या वेळी कृतज्ञ व्हायची काही गरज नाही. पारा ४५च्या वर, कूलर बंद, घरात तान्हं मूल रडतंय, अशा वेळी तक्रारीचा फोन लावा, लागत नसेल तर पुन्हा लावा, पोराच्या अंगावरून ओला पंचा फिरवा. भावना संध्याकाळी पाहू.

पण संध्याकाळी नक्की पाहा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, नजर तयार व्हायचे दिवस आहेत, कारण एरवी न दिसणारी माणसं उन्हात ठळक दिसतात. लाईट आली तेव्हा खांबावर कुणीतरी चढलं होतं. त्या वेळी लोखंडाला हात लावून पाहिला आहे कधी? बर्डीवरून जाताना लाल कपडा गुंडाळलेले पाणपोईचे माठ दिसतात. ते आपोआप भरत नाहीत. कुणीतरी सकाळी ते घासतं, भरतं, कपडा भिजवतं, आणि साखळीला बांधलेला पेला पळवून नेला तर दुसरा आणून बांधतं. त्या माणसाला मी एकदा विचारलं, ‘भाऊ, लोकं काही म्हणतात का?’ तो म्हणाला, ‘म्हणतात ना. पाणी थंडं नाही म्हणतात.’

तुमच्या वाटेवर अशी पाणपोई असेल तर यंदा एक माठ घेऊन द्या. आभार मानायची ती चांगली रीत आहे, भाषणही करावं लागत नाही.

मग तक्रार करायचीच नाही का? सगळं गोड मानून घ्यायचं?

सगळ्यांत जास्त वाद इथेच होतो आणि होऊ दे. नागपूरकराला याचं उत्तर पुस्तकात शोधावं लागत नाही, ते श्रावणी अमावास्येला आणि तिच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दिसतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खेड्यात बैलाचे खांदे शेकतात. जिथे वर्षभर जू बसलं तिथेच, गरम पाण्यानं, हळद आणि लोणी किंवा तेल लावून, पळसाच्या पानानं. मग त्याला म्हणतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, तोरणाखाली रांग, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी, आणि पुरणपोळी. त्या दिवशी जुंपायचं नाही. माझ्या मते कृतज्ञतेचा याहून नेमका विधी सापडणं कठीण आहे. बैलाची आरती करून मोकळे होत नाहीत. कामानं जो भाग झिजला, बरोबर त्याच भागाला हात लावतात.

आणि दुसऱ्याच दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे वाईटाचा मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, १८८०च्या दशकापासूनची परंपरा. इतवारीच्या भागात पाय ठेवायला जागा नसते. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचे पुतळे: महागाई, भ्रष्टाचार, एखादी रोगराई, एखादा पुढारी. ‘घेऊन जा गे मारबत!’ म्हणत शहर आपला राग गावभर मिरवतं आणि शेवटी जाळून टाकतं.

एका दिवसाच्या अंतरानं दोन्ही. बैलाला पुरणपोळी दिली म्हणून महागाईवर गप्प बसायचं असं कुणी म्हणत नाही, आणि महागाईचा राग आहे म्हणून बैलाला उपाशी ठेवायचं असंही कुणी म्हणत नाही. कृतज्ञ माणूस तक्रार चांगली करतो असा माझा अनुभव आहे. कुणी काय केलं हे ज्याला नेमकं दिसतं, त्याला कुणी काय केलं नाही हेही नेमकंच दिसतं. ‘सगळे चोर आहेत’ असं तो म्हणत नाही. कोणत्या खिडकीवरच्या कोणत्या बाबूने फाईल दाबली आणि कुणी काढून दिली, हे तो वेगवेगळं सांगू शकतो.

वहीत मागच्या पानापासून मारबतीचा हिशेब ठेवला तरी माझी हरकत नाही.

घरच्या माणसांना थँक्यू म्हणायचं म्हणजे परकं वाटतं. आमच्यात तशी पद्धत नाही.

खरं आहे, आणि त्यात मागासलेपण वगैरे काही नाही. २०१८ मध्ये एक अभ्यास आला होता. पाच खंडांतल्या आठ भाषांत, घरगुती आणि ओळखीच्या माणसांमधलं रोजचं बोलणं तपासलं, मदत मागितली आणि मिळाली असे हजाराहून जास्त प्रसंग पाहिले. शब्दांत आभार मानले गेले ते साधारण विसातून एकदा. जवळची माणसं मीठ पुढे करतात आणि जेवण चालू राहतं. जगभर असंच आहे.

इथे तर विचारूच नका. आईला थँक्यू म्हटलं तर ती म्हणते, ‘काहून थँक्यू म्हणून राहिली? काही पाहिजे का तुले?’

म्हणून घरात आभार मानू नका, दिसलं ते सांगा. ‘आई, डब्यातली वांग्याची भाजी ऑफिसात सगळ्यांनी संपवली, मला एकच घास उरला.’ ‘बाबा, माझ्या गाडीत हवा तुम्हीच भरून ठेवली ना? आज पेट्रोल पंपावर पाहिलं तर बरोबर होती.’ बायकोनं सासूबाईंच्या औषधाच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत वार लावून भरून ठेवल्या असतील, तर ‘सोमवार ते रविवार सगळं लावलंस, मला तर नावंही माहीत नाहीत’ एवढं म्हणा. तिला ‘तू ग्रेट आहेस’पेक्षा हे जास्त आवडेल. सुनेनं केलं असेल तर सुनेला सांगा, आणि तिच्या माघारी बहिणीला फोनवर सांगितलंत तर ते तिच्यापर्यंत पोचतंच, नागपूर तेवढं लहान आहे.

एक सावधगिरी. वर्षानुवर्षं घरातली एकच व्यक्ती राबत असेल आणि बाकीचे फक्त कौतुक करत असतील, तर ते कौतुक थांबवा आणि भांडी घासायला घ्या.

कामवाल्या मावशींना आम्ही घरच्यासारखंच मानतो. ते पुरे नाही का?

कप वेगळा असेल तर पुरे नाही.

हे उत्तर काहींना लागतं, पण नागपूरच्या किती फ्लॅटांमध्ये मावशी फरशी पुसत असताना पंखा ‘फरशी वाळेल’ म्हणून लावतात आणि एरवी बंद करतात, ते मोजून पाहा. दुपारी एकच्या उन्हात त्या तिसऱ्या घरून चौथ्या घरी चालत जातात. वेळ बदलून सकाळची करता येते का? महिन्याला ठरलेल्या सुट्या आहेत की प्रत्येक खाड्याचे पैसे कापता? दिवाळीला पूर्ण महिन्याचा पगार जास्तीचा देता की जुनी साडी? कृतज्ञतेनं तुमचा एक रुपया किंवा एक सवयही बदलली नाही, तर मावशींच्या पदरात काय पडलं?

कचरागाडीवरच्या माणसांना ओला-सुका वेगळा करून देणं, फुटलेली काच कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहिणं, हेही त्यातच आलं. त्यांच्या हाताला ती काच लागते.

रेशन, शिष्यवृत्ती, दवाखाना हे तर आपल्या हक्काचं. त्याबद्दलही उपकार मानायचे?

अजिबात नाही. हक्काचं देणाऱ्यापुढे हात जोडायला लावणं ही कृतज्ञता नाही, ती वाकवायची युक्ती आहे. फलकावर ज्यांचे फोटो असतात त्यांनी खिशातून दिलेलं नसतं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, खुर्चीवरचा माणूस नेमून दिलेल्या कामापलीकडे गेला, जेवणाची सुट्टी सोडून तुमच्या मुलाचा फॉर्म दुरुस्त करून दिला, तर त्याला नावानं धन्यवाद द्या, जमलं तर त्याच्या साहेबाला चार ओळी लिहून कळवा. दोन, तो हक्क मुळात कुणी मिळवून दिला ते लक्षात ठेवा.

दुसऱ्या गोष्टीसाठी आपल्याला लांब जायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी अशोक विजयादशमीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दर वर्षी दीक्षाभूमीवर माणसं येतात. रेल्वेच्या जनरल डब्यातून, पांढऱ्या कपड्यांत, पोरंबाळं घेऊन. रात्री जागा मिळेल तिथे चादर अंथरतात. गावातली माणसं त्यांच्या जेवणाची, पाण्याची, औषधांची सोय करतात. आणि जाताना त्यांच्या पिशव्यांत काय असतं? पुस्तकं. एवढी पुस्तकं विकली जाणारी दुसरी जत्रा मला तरी माहीत नाही. ही कृतज्ञता ताठ उभी असते. ज्याच्यामुळे शिकलो त्याची आठवण म्हणून आणखी शिकायचं आणि मागच्याला हात द्यायचा, इतका सरळ तिचा हिशेब आहे. वस्तीतली नोकरीला लागलेली मुलं संध्याकाळी लहानग्यांचे फुकट वर्ग घेतात, तेही याच हिशेबातलं.

मुलांना हे कसं शिकवायचं? ‘थँक्यू म्हण’ म्हणून थकलो.

थकणारच. ‘थँक्यू म्हण’ने मूल थँक्यू म्हणायला शिकतं, त्यापुढे काही नाही. त्याला विचारा, ‘आजोबांनी हे तुझ्यासाठी कसं आणलं असेल?’ आजोबा बसने गेले, इतवारीत उतरले, तीन दुकानं फिरले, कारण याला निळाच पाहिजे होता. गोष्ट सांगितली की मुलाला आजोबा दिसतात. नुसतं खेळणं दिलं तर खेळणंच दिसतं.

तान्हा पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागतात. त्या संध्याकाळी हिशेब करायला बसा. कुणी किती दिले यापेक्षा कुणी दार उघडून बैलाला ओवाळलं, कुणी आत बोलावलं, कुणी बैलाचं नाव विचारलं? पोरांना सगळं आठवत असतं. आणि घरातला बैल लाकडाचा असला तरी खरा बैल काय करतो ते एकदा शेतावर नेऊन दाखवा. काटोल, नरखेड काही लांब नाही, संत्र्याच्या बागेत कुणी ओळखीचं निघतंच.

कुणी उपकार करून सतत ऐकवत असेल तर?

‘तुझ्या शिक्षणाला आम्ही पैसे लावले’ हे वाक्य दर लग्नात ऐकावं लागत असेल, तर तुम्हाला येतो तो राग साहजिक आहे. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की देणारा परतफेडीची जेवढी अपेक्षा ठेवतो, तेवढी घेणाऱ्याची कृतज्ञता कमी होते आणि ओझं वाढतं. पैसे परत करता येत असतील तर करा आणि मोकळे व्हा. करता येत नसतील तर एकदा चारचौघांत स्पष्ट म्हणा, ‘काका, तुम्ही केलं ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण दर वेळी काढू नका.’ काका चिडतील. चिडू द्या.

मात्र मारहाण करणाऱ्या, पैशाला मोताद ठेवणाऱ्या माणसाबद्दल ‘तरी त्यानं छप्पर दिलं’ असं वहीत लिहू नका. तिथे वही मिटा आणि विश्वासातल्या माणसाशी बोला.

घरात मृत्यू झालाय, किंवा मोठं आजारपण आहे. अशा वेळीही?

दुसऱ्याला तर अजिबात सांगू नका. ‘निदान फार हाल झाले नाहीत, देवाचे आभार माना’ हे वाक्य अंत्ययात्रेहून परतताना बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. हेतू चांगला असतो, तरीही त्या वेळी तोंड मिटून डबा पोचवणं बरं.

स्वतःपुरतं म्हणाल तर जबरदस्ती नको. पुष्कळ लोकांना महिनाभरानं आपोआप आठवतं: मेडिकलच्या वॉर्डाबाहेर रात्री कुणी सतरंजी दिली, कुण्या सिस्टरनं रिपोर्टसाठी स्वतः फोन केला, कोण रक्त द्यायला हिंगण्याहून आलं. आठवलं तर लिहून ठेवा. नाही आठवलं तरी काही बिघडत नाही.

झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगू नये असं वाटत असेल, तर हे पान इथेच सोडा आणि १४४१६ला फोन लावा. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

शाळेतल्या सरांचे आभार मानायचे राहून गेले. आता वीस वर्षांनी पत्र लिहिणं विचित्र वाटेल का?

तुम्हाला वाटेल, त्यांना वाटणार नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं. पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरचा अवघडून जाईल. प्रत्यक्षात ज्यांना पत्रं मिळाली ती माणसं त्यांच्या अंदाजापेक्षा खूपच जास्त सुखावली आणि कमी अवघडली. लिहिणारे शब्दांच्या चिंतेत होते, पत्र वाचणाऱ्याला त्यातली आपुलकी दिसत होती.

‘आपण माझ्या जीवनाला दिशा दिलीत’ असं लिहू नका, ते निरोप समारंभात ऐकून ऐकून सरांचे कान किटलेत. ‘सातवीत मी अपूर्णांकात नापास झालो तेव्हा तुम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसवून पोळीचे तुकडे करून दाखवले होते. माझी पोळी संपली म्हणून तुमची दिली होती’ असं लिहा. पोस्टकार्ड चालेल. जमलं तर स्वतः नेऊन द्या, आणि वाचून दाखवा. सरांना आता बारीक अक्षर दिसत नसेल.

सर हयात नसतील तर त्यांच्या घरी कोण आहे ते पाहा. मुलीला आपल्या वडिलांचा तो व्हरांडा माहीत नसतो.

देव मानत नाही. मग आभार कुणाचे?

माणसांचे. टेकडीच्या गणपतीला किंवा ताजबागला जाणाऱ्यांनी तिथे जावं, ज्यांना जायचं नाही त्यांनाही पाणी, वीज आणि पोळी माणसांकडूनच मिळते. यादी दोघांची सारखीच लांब होते.

स्टेटसला टाकलं तर चालेल का?

ज्याचे आभार मानले त्याला आधी सांगितलं असेल तर चालेल.

वही भरली की काय करायचं?

टाकायच्या आधी एकदा चाळा आणि हातात पेन्सिल ठेवा. ज्यांची नावं वारंवार आली आहेत पण ज्यांना तुम्ही अजून एक शब्दही बोललेला नाहीत, त्यांच्या नावापुढे खूण करा. बहुतेक वह्यांत अशी तीन-चार निघतात आणि त्यातलं एक नाव घरातलंच असतं. त्यांना सांगून झालं की वही रद्दीत दिली तरी चालेल. नवी आणायची असेल तर शंभर पानी घ्या, दोनशे पानी वहीचं दडपण येतं.